गाळलेली ओळ

त्या सकाळी मी पाच वाजून चाळीस मिनिटांनी उठले. दूध तापवले, चहाचे आधण ठेवले, आणि ते उकळेपर्यंत जेवणाच्या टेबलावरून आदल्या दिवशीचा पेपर उचलून तिथे कथांचा गठ्ठा, गुणतक्ता आणि लाल पेन्सिल मांडली. पेन्सिलीला मी दोन्ही बाजूंनी टोक करून ठेवत असे. एक बोथट झाले तर मध्येच उठावे लागू नये. सहा ते साडेसात हा वेळ मी पंधरा दिवस या कामासाठी राखून ठेवला होता. त्यानंतर अंघोळ, पोळ्या, डबा, घरच्या पाण्याची बाटली (विद्यापीठातले पाणी मी पीत नसे) आणि पावणेदहाची बस. ही १९९१ सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी चौतीस वर्षांची होते, रसायनशास्त्र विभागात अधिव्याख्याता होते, आणि दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात मला मनापासून आनंद होत असे.

आमच्या गावच्या विज्ञान मंडळाने त्या वर्षी विज्ञानकथा स्पर्धा ठेवली होती. एकतीस कथा आल्या होत्या. लेखकांची नावे बंद पाकिटांत होती, माझ्याकडे फक्त क्रमांक होते. वीसपैकी गुण द्यायचे, आणि त्यांतले दहा 'वैज्ञानिक संभाव्यता' या रकान्याचे. हा रकाना माझ्याच आग्रहावरून घातला होता.

कथा कशा होत्या ते सांगायला हवे. सात कथांमध्ये यंत्रमानव प्रेमात पडत होता आणि प्रेमात पडल्यावर लगेच संस्कृतप्रचुर मराठी बोलू लागत होता. पाच कथांमध्ये शास्त्रज्ञाला एक देखणी साहाय्यक होती, जिला प्रकाशाचा वेग माहीत नसल्यामुळे तो तिला, म्हणजे आम्हाला, पानभर समजावून सांगत होता. एका गृहस्थांनी सूर्यावर यान उतरवले होते. उष्णतेचा त्रास नको म्हणून अमावास्येला. चौघांच्या कथा शेवटी स्वप्न निघाल्या. या सर्वांना मी दोन-दोन, तीन-तीन ओळींचे शेरे दिले होते, आणि आज ते शेरे आठवले की कथांपेक्षा मला शेऱ्यांचीच लाज वाटते.

त्या सकाळी तेवीस क्रमांकाची कथा आली. शाळेच्या आखीव कागदांवर, फळ्यावर लिहावे तशा गोल, सुट्या अक्षरात. शीर्षक: 'पांघरूण'.

कथा अशी होती. दूरच्या एका ग्रहावर माणसांची वसाहत आहे. पृथ्वीवरून येणारी याने बंद होऊन दोनशे वर्षे झाली आहेत. वसाहतीत चाळीस हजार पुस्तकांचे ग्रंथालय आहे, आणि एकही पुस्तक हरवलेले नाही. तरीही तिथले वैद्य रोग्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहतात, कारण तापमापक करता येत नाही. तो ज्या पारदर्शक धातूच्या नळीचा करायचा, ती नळी जोडता येत नाही. पुस्तकात कृती आहे. पिढ्यानुपिढ्या लोक ती अक्षरशः पाळतात, नळी जोडतात, आणि ती प्रत्येक वेळी तडकते. कुणी म्हणते धातूला शाप आहे, कुणी म्हणते हवा बदलली. शेवटच्या पानावर कळते की कृती लिहून घ्यायला जी नोंदणीकार बाई कारागिराकडे आली होती, तिने एक ओळ मूर्खपणाची म्हणून गाळली होती. शेवटचे वाक्य असे होते: 'ती ओळ लिहायला तिला अर्धे मिनिट लागले असते.'

मी पेन्सिलीचे टोक तपासले आणि लिहिले:

'पारदर्शक धातू अस्तित्वात नसतो. ज्ञान लिहून ठेवलेले असताना तंत्र हरवते, हे गृहीतक बालिश आहे. गाळलेली ओळ कोणती, हे लेखकाने सांगितलेले नाही. बहुधा त्यालाच ठाऊक नसावे. नोंदणीकार बाई स्वतःची पाण्याची बाटली घेऊन येते आणि देऊ केलेला चहा घेत नाही, या तपशिलाचा कथानकाशी संबंध नाही. शीर्षकाचाही नाही. संभाव्यता: दहापैकी एक.'

एकूण गुण चार. मग मी पोळ्या लाटायला उठले.

विभागात पोचले तेव्हा बोंद्रे सरांनी बोलावल्याचा निरोप होता. प्राध्यापक बोंद्रे आमचे विभागप्रमुख, आणि विज्ञान मंडळाचे अध्यक्षही तेच. जिथे अध्यक्ष हवा असे, तिथे ते असत.

"या, परीक्षक," ते म्हणाले. "आज कुणाचा बळी?"

मी तेवीस क्रमांकाची कथा सांगितली. ते खुर्चीत मागे रेलून हसले.

"म्हणजे लायब्ररी आहे, पुस्तकं आहेत, आणि थर्मामीटर करता येत नाही? मग हे लोक तिथं पोचले कसे? बैलगाडीनं?"

"मीही तेच लिहिलंय सर. जरा सौम्य शब्दांत."

"सौम्य कशाला? या लोकांना वाटतं, तंत्रज्ञान म्हणजे आजीबाईचा बटवा. आजी गेली की बटवा गेला." त्यांनी माझ्यापुढे एक कागद सरकवला. "हे बघा, हा आपला उलटा पुरावा. तुमच्या पुस्तिकेचा दाखला. सही करा, गुरुवारच्या बैठकीत ठेवतो."

आमच्या विभागाला लागून काचकामाची कार्यशाळा होती. संशोधनाला लागणारी काचेची उपकरणे बाजारात मिळत नाहीत. ती हाताने घडवावी लागतात. तीस वर्षे ते काम शिकलगारमामा करत होते. त्यांचे नाव दस्तगीर शिकलगार, पण विद्यापीठात शिपायापासून तंत्रज्ञापर्यंत सगळ्यांना मामाच म्हणण्याची रीत होती. माझ्या प्रबंधातली प्रत्येक नळी, प्रत्येक जोड त्यांच्या हातचा होता, आणि ऋणनिर्देशात मी त्यांना 'तांत्रिक कर्मचारी' या दोन शब्दांत बसवले होते. ते एकतीस तारखेला निवृत्त होत होते. विद्यापीठाचे धोरण असे ठरले होते की ज्या तांत्रिक कामाची कृती पूर्णपणे लिहून झाली आहे, ते पद पुन्हा भरायचे नाही आणि ती जागा दुसऱ्या कामाला द्यायची. कृती लिहून घेण्याचे काम माझ्याकडे आले होते. डिसेंबरात चार सकाळी मी त्यांच्या मेजाशेजारी वही घेऊन बसले होते, आणि त्यातून बेचाळीस पानांची पुस्तिका तयार झाली होती. आकृत्या, तपमाने, अनुक्रमणिका. मला तिचा अभिमान होता.

दाखल्यावर टंकलिखित मजकूर होता: 'सदर पुस्तिका परिपूर्ण असून तिच्या आधारे कोणतीही विज्ञान पदवीधर व्यक्ती हे काम करू शकते, असे मी पडताळून प्रमाणित करते.'

"'पडताळून' म्हटलंय सर," मी म्हणाले. "पडताळणी राहिली आहे."

"अहो, ते असं लिहायचं असतं."

"एक टी-जोड करून बघते. तासाभराचं काम आहे. आकृती जोडता येईल दाखल्याला."

बोंद्रे सरांनी हात हलवला. कोंबड्यांना हुसकावतात तसा. माझ्या काटेकोरपणाची त्यांना सवय होती.

साडेअकराला मी कार्यशाळेत गेले. शिकलगारमामा खिडकीशी चष्मा पुसत बसले होते. मी पुस्तिका मेजावर उघडून ठेवली, गॅस आणि हवेचे कॉक तपासले आणि त्यांना सांगितले, "मामा, मी हे पुस्तिकेवरून करणार आहे. तुम्ही बसा, पण काही बोलायचं नाही. बोललात तर पडताळणी होणार नाही."

"बरं."

"खूण पण करायची नाही."

"डोळे मिटू का?"

"तेवढं नको."

टी-जोड म्हणजे एका काचनळीच्या पोटाला दुसरी नळी काटकोनात जोडणे. पहिली पायरी: नळीचे एक टोक बुचाने बंद करावे. दुसरी: मध्यभागी ज्योत धरून काच मऊ करावी आणि रबरी नळीतून फुंकून फुगा काढावा. मी सगळे तसेच केले. फुगा वाकडा आला, पण आला. त्याचे टोक उघडले, दुसरी नळी लाल करून टेकवली, फिरवली, हलकेच फुंकले. जोड जमला. ओबडधोबड, पण बिनछिद्र. पुस्तिकेतली शेवटची पायरी: 'जोड तारेच्या स्टँडवर ठेवावा. दिवसभराचे काम संध्याकाळी एकत्रितपणे भट्टीत घालून सावकाश निववावे.' मी तो स्टँडवर ठेवला आणि मामांकडे विजयी मुद्रेने पाहिले. ते छताकडे पाहत होते.

चार मिनिटांनी बारीकसा आवाज आला. टिक. जोडाच्या बगलेतून एक रेघ निघाली होती, केसाइतकी.

दुसरा जोड मी अधिक सावकाश केला. शेवटी ज्योतीपासून जरा दूर धरून दोन मिनिटे हातातच निववला. हे पुस्तिकेत नव्हते, पण मी स्वतःला तेवढी सवलत दिली. तो नऊ मिनिटे टिकला. तिसऱ्याच्या वेळी माझा फुगा सरळ आला, आणि मला वाटले, आता झाले. बारा वाजून पन्नास मिनिटांनी तो ठेवला. एक वाजून दहा मिनिटांनी मी पुस्तिकेच्या समासात 'यशस्वी' लिहीत असताना तो तडकला.

"भट्टीत घालण्याआधीच जातोय," मी म्हणाले. "काच जुनी आहे का?"

मामा गप्प.

"मामा, मी विचारतेय."

"तुम्हीच म्हणालात, बोलायचं नाही. आता बोलू?"

"बोला."

"काजळी धरली नाही तुम्ही."

मला क्षणभर काही आठवेना. मग आठवले. डिसेंबरातल्या दुसऱ्या सकाळी प्रत्येक जोड पुरा झाल्यावर ते हवेचा कॉक बंद करत, ज्योत पिवळी आणि धुरकट होई, आणि तिच्यात ते जोड फिरवत राहत, पार काळा होईपर्यंत. स्वच्छ, पारदर्शक काच मुद्दाम काळी करून ठेवत. मी कारण विचारले होते. ते म्हणाले होते, "भाजलेलं अंग आहे तिचं. पांघरूण घातल्याशिवाय ठेवायची नाही, रुसते." मी मान हलवली होती आणि वहीत लिहिले होते: 'पारंपरिक समजूत. वगळणे.'

मामा उठले. त्यांनी माझा तडकलेला जोड हातात घेतला, पाहिला, बाजूला ठेवला आणि नवी नळी घेतली. मला जे करायला वीस-वीस मिनिटे लागली होती ते त्यांनी तीन मिनिटांत केले. मग हवा बंद केली.

"बघा आता. काजळी धरते का?"

पिवळी ज्योत काचेभोवती वळत होती, पण काच स्वच्छच होती.

"नाही धरत," मी म्हणाले.

"गरम आहे अजून. गरम अंगावर बसत नाही ती, जळून जाते. थांबा." ते फिरवत राहिले. हळूहळू नळीच्या कडेला करडा रंग आला, मग जोडावर काळा थर धरला. "हां. आता निवली. आता ठेवायला हरकत नाही."

मी भौतिक रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली होती. काच अमुक तपमानाच्या खाली सावकाश आली पाहिजे, नाहीतर तिच्यात ताण राहतो, हे मी एम.एस्सी.च्या वर्गाला शिकवत असे, फळ्यावर आलेख काढून. आणि माझ्यासमोर एक माणूस ते तपमान रोज मोजत होता, काजळीने, अचूक. आणि मी त्याला समजूत म्हटले होते. त्याने कारण माझ्या भाषेत सांगितले नाही एवढाच त्याचा गुन्हा.

"हे तुम्ही मला तेव्हा असं का नाही सांगितलं?" मी विचारले. आवाजात अजूनही उर्मटपणा होता. तो एकदम जात नाही.

"सांगितलं की. पांघरूण म्हणालो. तुम्ही लिहिलंत काहीतरी, मला वाटलं तेच लिहिलं."

पांघरूण. तो शब्द मी त्याच सकाळी वाचला होता.

मी स्टुलावर बसले. बाटली उघडून पाणी प्याले, आणि पिता पिता कथेतली ती बाटलीही मला आठवली.

"मामा, तुम्ही कथा लिहिता का?"

"मी? रजेचा अर्जसुद्धा आमच्या बाई लिहितात. पालिकेच्या मराठी शाळेत आहेत ना त्या, सव्वीस वर्षं झाली. लिहिण्याचं खातं घरात त्यांच्याकडं." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. "का हो? त्या स्पर्धेचं तुमच्याकडं आहे का?"

मी बाटलीचे झाकण लावू लागले.

"मग मी काही बोललो नाही असं समजा," ते म्हणाले, आणि लगेच बोलू लागले. "मला वाचून दाखवली होती. म्हटलं, धातू कशाला केलीस, काच म्हण की. तर म्हणाली, विज्ञानकथा आहे, थोडं उडवावं लागतं. आणि म्हटलं, ती नोंदणीवाली बाई जरा जास्तच कडक झालीय, चहा तरी घेऊ दे तिला. तर म्हणाली, मी नरमच केलीय."

"ती ओळ कुठली, हे का नाही लिहिलं त्यांनी?"

"मीही विचारलं. म्हणाली, ज्याला कळायची त्याला कळेल. नाही कळली तर कथा खरी ठरली."

त्यांनी हे कुठल्याही खोचकपणाशिवाय सांगितले. मला वाटते, खोचकपणा असता तर मला सोपे गेले असते.

दुपारी मी माझ्या खोलीत दार लावून तेवीस क्रमांकाची कथा पुन्हा वाचली. सकाळी जिथे मी लाल रेघा ओढल्या होत्या, तिथेच प्रत्येक ठिकाणी ती बरोबर होती. वसाहतीतले लोक मूर्ख नव्हते. ते पुस्तकावर विश्वास ठेवणारे होते, माझ्यासारखे. एका वाक्याखाली मी सकाळी प्रश्नचिन्ह काढले होते: 'बाईचे अक्षर इतके सुंदर होते की त्यात काही राहून गेले असेल अशी शंका दोनशे वर्षांत कुणालाही आली नाही.'

साडेतीनला बोंद्रे सर स्वतःच आले.

"झाली का पडताळणी?"

"झाली सर. तीन जोड केले. तिन्ही तडकले."

"सवय नाही हो तुम्हाला. त्यात काय."

"दाखल्यात 'कोणतीही पदवीधर व्यक्ती' असं म्हटलंय. मी पदवीधर आहे."

ते हसले, पण बसले नाहीत. "मॅडम, काय राहिलं असेल ते घाला की पुस्तिकेत. एक ओळ. आत्ता घाला आणि सही करा."

याला उत्तर सोपे नव्हते. काजळीची ओळ मी आता लिहू शकत होते. अर्ध्या मिनिटाचे काम. पण बेचाळीस पानांत अशा आणखी किती ओळी मी सुंदर अक्षरात गाळल्या होत्या, ते मला माहीत नव्हते. चार सकाळींत मी त्यांना प्रश्न विचारले होते, आणि ज्या उत्तरांना माझ्याकडे शब्द नव्हता, ती उत्तरे मी खोडली होती. तडकल्याशिवाय ती सापडणार नव्हती. आणि एकतीस तारखेनंतर तडकले, तर कोणाला विचारायचे?

"ती एक ओळ सापडली म्हणून घालता येईल सर," मी म्हणाले. "न सापडलेल्या कुठं घालू?"

"हे तुम्ही त्या तेवीस नंबरच्या कथेतलं बोलताय."

"हो."

"चार गुण दिलेत तुम्ही तिला."

"हो."

"गुरुवारी बैठक आहे," ते म्हणाले आणि गेले. त्यांना खात्री होती. माझ्यासारख्या बायका शेवटी सही करतात, हा त्यांचा अनुभव होता आणि तो चुकीचा नव्हता.

चार वाजता मी आधी गुणतक्ता घेतला. तेवीस क्रमांकासमोरचे चार गुण आणि शेरा एका रेघेने खोडला. वाचता येईल अशा रेघेने. लेखिका मला कळली होती, आता पाच किंवा वीस देण्याचा मला अधिकार नव्हता. मी लिहिले: 'या कथेचे परीक्षण दुसऱ्या कोणाकडून व्हावे. मी त्यास पात्र नाही.' दुसरे परीक्षक प्राणिशास्त्राचे होते. त्यांनी तिला अकरा दिले. पहिले बक्षीस प्रेमात पडणाऱ्या यंत्रमानवाला मिळाले, आणि बोंद्रे सरांनी समारंभात त्याच्या 'वैज्ञानिक दूरदृष्टी'चा गौरव केला.

मग दाखला. 'परिपूर्ण असून' या शब्दांपासून वाक्याच्या शेवटापर्यंत मी रेघ मारली. खाली तीन ओळींत तीन जोडांच्या वेळा लिहिल्या: चार मिनिटे, नऊ मिनिटे, वीस मिनिटे. त्याखाली: 'पुस्तिका अपूर्ण आहे. त्रुटी संकलकाची आहे, कारागिराची नाही. पद भरल्याशिवाय व नव्या व्यक्तीने प्रत्यक्ष शिकल्याशिवाय ती पूर्ण होणार नाही.' सही केली, तारीख घातली. तिन्ही फुटके जोड कापसात गुंडाळून एका खोक्यात ठेवले, खोक्याला दाखला बांधला आणि विभागातून न पाठवता स्वतः मुख्य इमारतीत नेऊन आवक-जावक खिडकीवर दिला.

"यात काय आहे?" कारकुनाने विचारले.

"पुरावा."

त्याने काही न विचारता शिक्का मारला आणि क्रमांक दिला.

त्याने फार काही झाले असे नाही. पद सहा महिने लोंबकळले, मग तात्पुरते भरले, आणि तीन वर्षांनी गेलेच. आज त्या कार्यशाळेत संगणकाच्या जुन्या पेट्या रचलेल्या आहेत. विभागाला काचेचे काही लागले की मागवतात, सहा आठवड्यांनी येते, आणि फुटलेले फेकून देतात, कारण आता ते जोडणारे तिथे कोणी नाही. नव्या मुलांना वाटते, ते पूर्वीपासून असेच होते.

पण त्या वेळी एकतीस तारखेला अजून चौदा दिवस होते. दुसऱ्या दिवशी मी पाचलाच उठले. उरलेल्या आठ कथा तशाच ठेवल्या, पोळ्या आधी केल्या आणि साडेसातला कार्यशाळेच्या दारात उभी राहिले. शिकलगारमामा कुलूप काढत होते. त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले. वही नव्हती, बाटली नव्हती.

"आज काय पडताळायचंय?" त्यांनी विचारले.

"काही नाही. मी बसते तुमच्याजवळ. जमेल तसं करते."

त्यांनी शेगडीवर चहा ठेवला, दोन कप विसळले आणि एक नळी माझ्या हातात दिली. मी चहा प्याले. मग बर्नर पेटवला, आणि पहिला जोड झाल्यावर, त्यांनी सांगण्याची वाट न पाहता, हवेचा कॉक बंद केला.